न हुंगलेले फूल

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उजाडायच्या आधीच फुलांचा बाजार भरतो. वसई-विरारकडून लोकलने आलेला सोनचाफा आणि मोगरा, शेवंती, झेंडू, तगर, दुर्वांच्या जुड्या. इथे पूजेची फुले घेणाऱ्याला एक नियम शिकवावा लागत नाही. देवासाठी घेतलेले फूल हुंगायचे नाही. हुंगले की ते उष्टे झाले. याच बाजारापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर चैत्यभूमी आहे. तिथेही फुले वाहिली जातात, उदबत्त्या लागतात. आणि तिथेच माथा टेकवणारा बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतो तेव्हा माळा, सुगंध आणि उटी-लेप यांपासून दूर राहण्याचेही व्रत घेतो. हिंदू शास्त्रातही हीच जोडी सापडते. गौतमधर्मसूत्राने ब्रह्मचाऱ्याला गंध आणि माळा वर्ज्य सांगितल्या. आणि पंचोपचार पूजेतला पहिला उपचार गंध, दुसरा पुष्प, तिसरा धूप. पाचांतले तीन उपचार नाकाचे आहेत. म्हणजे जी वस्तू साधकाने टाकायची, तीच देवापुढे सर्वांत आधी ठेवायची. हा विरोध खरा आहे की वरवरचा, हा इथे विचारायचा प्रश्न आहे. सुगंध हा भोग असेल तर तो देवाला का द्यावा? आणि तो पवित्र असेल तर साधकाने का सोडावा?

याचे नेहमीचे उत्तर असे, की उत्तम ते देवाचे, म्हणून आपण त्याला शिवू नये. ते मला पुरेसे वाटत नाही. सुगंध देवाला प्रिय आहे म्हणून वाहायचा असता, तर या मुंबईचा सर्वांत लाडका देव जास्वंदीवर प्रसन्न झाला नसता. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापुढे, लालबागच्या मंडपात, केशवजी नाईकांच्या चाळीतल्या 1893 पासूनच्या गणपतीपुढे जे लाल फूल मानाने ठेवतात, त्याला वासच नसतो. उलट घमघमणारा केवडा शंकराला चालत नाही. पुराणातल्या केतकीने, म्हणजे याच केवड्याने, खोटी साक्ष दिली म्हणून ती त्या पूजेतून बाद झाली. तेव्हा देवाच्या नाकाची आवड हा या रूढीचा पाया असू शकत नाही. पाया दुसरीकडे आहे, आणि तो शोधायचा तर आधी वास ही काय चीज आहे आणि अत्तर कसे घडते, तिकडे वळले पाहिजे.

न्याय-वैशेषिकांनी वासाचा जितका गंभीर विचार केला तितका फार थोड्या दर्शनांनी केला असेल. त्यांच्या मते गंध हा फक्त पृथ्वीचा गुण. पाण्याला वास आला तर तो पाण्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा, वाऱ्याला आला तर वाऱ्याने वाहून आणलेल्या अंशाचा. मग दगडाला वास का नाही? त्यांचे उत्तर असे, की दगडाला वास आहे पण तो प्रकट नाही. दगड भाजून त्याचे भस्म झाले की तो कळतो. हे उत्तर ऐकून आजचा वाचक कदाचित मान हलवणार नाही, पण कनौजमध्ये भट्टीत भाजलेल्या मातीपासून जे मिट्टीचे अत्तर काढतात त्याचा वास घेतलेल्याला ते अगदी परके वाटू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पाहताना वस्तू जागची हलत नाही, पण फुलाचा वास येतो तो फुलाचे सूक्ष्म अवयव नाकापर्यंत आले म्हणून, असे नैयायिक म्हणतात. आधुनिक रसायनशास्त्र अवयवांऐवजी रेणू म्हणते, इतकाच फरक. वास येणे म्हणजे त्या वस्तूतले काहीतरी कायमचे निघून येणे. रंग पाहून फूल कमी होत नाही. वास मात्र फूल सरत असतानाच येतो.

अत्तराची सारी विद्या ही या सरण्याला लगाम घालण्याची विद्या आहे. परदेशी अत्तरांच्या दुकानात ज्याला ‘वुडी फ्लोरल’ म्हणतात, म्हणजे तळाशी लाकूड आणि वर फूल, तो प्रकार आपल्याकडे जुनाच. कनौजच्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून खाली मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीने भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल भरलेले असते. त्याच तेलात रोज नवी फुले उतरवत राहतात, आणि तेल तृप्त होईपर्यंत हे दिवसचे दिवस चालते. चंदनच का, याचे कारण त्याच्या जडपणात आहे. चंदन तेलाचा मोठा भाग असलेले सँटॅलॉल सुमारे 300 अंश सेल्सिअसला उकळते. मोगऱ्या-चमेलीतले बेंझिल ॲसिटेट 212 अंशांच्या आसपास. फुलाचे रेणू उडू पाहतात, चंदनाचे रेणू त्यांना धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. म्हणून असे अत्तर मनगटावर लावल्यावर एकच वास देत नाही. पहिल्या काही मिनिटांत हलका, तीक्ष्ण वास उडून जातो. मग तास-दोन तास फूल उमलते. आणि फूल ओसरले की उरते दुधाळ, उबदार, किंचित आंबूस लाकूड, जे दुसऱ्या दिवशीही कपड्याला असते. पॅरिसच्या गेर्लँ या घराण्याने 1989 साली चंदन आणि चमेली यांच्या मेळातून एक महागडे अत्तर बाजारात आणले आणि त्याला नाव दिले ‘संसारा’. ज्या चक्रातून सुटायचे म्हणून बुद्धाने घर सोडले, त्या चक्राचे नाव. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काही असो, ते नाव या प्रकारच्या अत्तराला लागू पडते, कारण येणे, फुलणे, ओसरणे आणि मागे काहीतरी चिकटून राहणे एवढाच या अत्तराचा इतिहास असतो.

आता एक अवघड प्रश्न. हे अत्तर एक आहे की अनेक? अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरील दीपिकेत यासारखीच शंका येते. (यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि इथल्या पिढ्या त्यावर न्याय शिकल्या.) सुगंधी आणि दुर्गंधी अवयव एकत्र येऊन एखादे द्रव्य बनले, तर त्या द्रव्याला वास कोणता? दोन्ही एकमेकांना मारतील आणि सबंध द्रव्य निर्गंध ठरेल. पण वास तर येतो! तो मग अवयवांचाच म्हणायचा, कारण अनेक रंगांच्या कापडाला ‘चित्ररूप’ हा स्वतंत्र रंग मानणारी ही परंपरा ‘चित्रगंध’ मात्र मानत नाही. याच्या अगदी समोर संयुत्तनिकायातला खेमक भिक्षू उभा आहे. तो म्हणतो, कमळाचा वास पाकळीचा म्हणता येत नाही, देठाचा म्हणता येत नाही, केसरांचा म्हणता येत नाही; तो फुलाचा. ‘मी’ ही भावनाही तशीच, पाच स्कंधांपैकी एकाचीही नाही आणि तरी सगळ्यांवर पसरलेली. खेमकाकडे झुकले पाहिजे असे मला वाटते, आणि याला साक्ष अत्तराचीच आहे. मोगऱ्याच्या आणि चंदनाच्या वासांची नुसती बेरीज म्हणजे मोगऱ्याचे अत्तर नव्हे. पण खेमकाचे मानले तर दुसरे काहीतरीही मानावे लागते: हे सबंध अत्तर कोणत्याही एका क्षणी कुठेच हजर नसते. पहिल्या मिनिटाला लाकूड यायचे आहे, चौथ्या तासाला फूल गेलेले आहे. कुपीत असते ते द्रव्य. वास घडतो तो काळात, उडून जाताना, कोणाच्या तरी नाकाशी. कुपी विकत घेता येते. हा जो घडण्याचा प्रवाह आहे त्याचा मालक कोणाला होता येत नाही.

मालकी अशक्य आहे याचा आणखी ठोस पुरावा आपल्या शरीरात आहे. एकाच वासात काही मिनिटे राहिले की नाक त्याची दखल घेणे थांबवते. हा नाकाचा दोष नाही, सोय आहे. नवा वास, धुराचा किंवा नासलेल्या अन्नाचा, कळावा म्हणून जुना वास मागे सारला जातो. याचा परिणाम असा, की अत्तर लावणाऱ्याला स्वतःचे अत्तर सर्वांत कमी येते. जिन्यात मागून येणाऱ्याला, लोकलच्या डब्यात शेजारी उभ्या असलेल्याला, लिफ्टमध्ये नंतर शिरणाऱ्याला ते येत राहते. ज्याने पैसे मोजले तो पंधरा मिनिटांत त्याला मुकतो. इथे दोन वाटा फुटतात. एक, हे मान्य करणे. दुसरी, पुन्हा लावणे. आणि दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस पुन्हा पुन्हा लावतो, कारण त्याचे नाक प्रत्येक वेळी थोडे अधिक मागते. आसपासच्यांना घुसमटायला होते आणि त्याला मात्र काहीच येत नसते. बौद्धांनी ज्याला तृष्णा म्हटले त्याचे इतके अचूक चित्र दुसऱ्या कुठल्या इंद्रियात सापडेल असे वाटत नाही. साखर अधिक खाल्ली तर निदान गोड लागते. सुगंधाच्या मागे लागणाऱ्याच्या हाती सुगंधही लागत नाही.

भाषेनेही हे फार पूर्वी ओळखलेले दिसते. वास आणि वासना हे शब्द एका घरचे. संस्कृतात तेल फुलांत ठेवून सुवासिक करणे याला वासित करणे म्हणतात, आणि कर्माचा जो ठसा चित्तावर उरतो त्याला योगदर्शनाने आणि विज्ञानवादी बौद्धांनी वासना म्हटले. फुले काढून टाकली तरी तिळाच्या तेलाला वास राहतो, तशी ही वासना. खेमकाचाच दुसरा दृष्टान्त इथे आठवावा: मळलेले वस्त्र धोब्याने क्षार, राख आणि शेण लावून स्वच्छ केले, तरी त्या क्षाराचा वास त्याला राहतो; ते सुगंधी पेटीत ठेवले की तोही जातो. म्हणजे ज्या साधनाने शुद्धी केली त्याचाही वास मागे उरतो, आणि तो घालवायला पुन्हा एक सुगंधच लागतो. ब्रह्मचाऱ्याला आणि उपोसथ पाळणाऱ्याला सुगंध वर्ज्य का, ते आता उलगडते. सुगंध घाण किंवा पापी आहे म्हणून नव्हे. तो चिकटतो म्हणून, आणि चिकटूनही हाती येत नाही म्हणून. ज्याचे मन अजून घडते आहे त्याला या चकव्यापासून काही काळ दूर ठेवणे ही शिक्षकाची साधी दक्षता आहे.

आणि देवाला तो का वाहायचा, तेही याच कारणाने उलगडते. ज्या वस्तूवर मालकी सांगता येत नाही, ती वस्तू मालकी सोडण्याच्या अभ्यासाला सर्वांत योग्य. न हुंगलेले फूल वाहण्याचा नियम हा स्वच्छतेचा नियम नाही. नाकाला थांबायला शिकवण्याचा आहे. टोपलीत मोगरा असतो, वास आपणहून येतच असतो, तो कोणी अडवत नाही. अडवायचे एवढेच, की फूल उचलून नाकाशी न्यायचे आणि तो वास आपला करून घ्यायचा, ही कृती. आलेला वास चालतो, ओढून घेतलेला चालत नाही. चैत्यभूमीवर किंवा घरातल्या बुद्धमूर्तीपुढे पुष्पपूजेत जे म्हटले जाते त्याचा आशय तर याहून उघड आहे: हे फूल जसे कोमेजते तसा माझा देहही जाणार आहे. वर्ण आणि गंध असलेले फूल वाहायचे ते त्याच्या सरण्याकडे पाहण्यासाठी. सुगंध टाळायला सांगणाऱ्या बुद्धाच्या स्वतःच्या जेतवनातल्या निवासाला गंधकुटी म्हणत, यात मग विसंगती उरत नाही.

मराठी घरांतली रीत पाहिली तर हा विचार पोथीबाहेरही मुरलेला दिसतो. गिरगावातल्या चाळींत चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते तेव्हा आंब्याची डाळ आणि पन्हे यांच्याआधी अत्तर आणि गुलाबपाणी येते. आलेली बाई अत्तरदाणी उचलून स्वतःच्या हाताला अत्तर लावत नाही. यजमानीण तिच्या हाताच्या पाठीवर लावते, गुलाबदाणीतून शिंपडते. वारकऱ्यांचा बुक्काही तसाच: कीर्तनात तो एकमेकांच्या कपाळी लावतात. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात आषाढीला गेलेल्याच्या कपाळावरचा बुक्का बहुधा दुसऱ्याच्या बोटाचा असतो. धोबीतलावच्या बाजूला 1830 सालचे वाडियाजी आतशबेहराम आहे. तिथे पारशी चंदनाचे तुकडे अग्नीला देतात, ज्यांना ते सुखड म्हणतात. ते चंदन देणाऱ्याच्या घरी सुगंध ठेवत नाही, ते जळून जाते. एवढ्या वेगवेगळ्या धर्मांनी एकाच शहरात हीच पद्धत धरली, याला योगायोग म्हणणे मला जड जाते. सुगंध घ्यायचा तो दुसऱ्याच्या हातून, आणि द्यायचा तो परत न मिळण्यासाठी.

यावर पहिला आक्षेप माणसाच्या इतिहासातून येतो आणि तो सर्वांत कठोर आहे. सुगंध देण्याच्या गोष्टी ठीक, पण सुगंध ही शतकानुशतके भिंत होती आणि आहे. 1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड झाली; त्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले; ज्या आवारात एके काळी कापसाची धूळ आणि यंत्राच्या तेलाचा वास होता तिथे आज काचेच्या कपाटांत काही हजार रुपयांची कुपी दिव्याखाली ठेवलेली असते. त्या कुपीच्या किमतीत द्रव्याचा वाटा थोडा आणि वेगळेपणाचा मोठा. घामाचा वास येणारे ते आणि अत्तराचा वास येणारे आम्ही, हा भेद विकत मिळतो. मासळीची टोपली घेऊन बसलेल्या कोळणीच्या केसांत अबोलीची वेणी असते. पण तिच्या घरातल्या सुकटीचा वास म्हणजे दुर्गंध असे ठरवून कित्येक सोसायट्या मासे खाणाऱ्यांना घर देत नाहीत. जातीचा पहारा डोळ्याइतकाच नाकाने चालत आला आहे. मग सुगंधाला पूजेत बसवणे म्हणजे त्या भिंतीवर गंधफूल वाहणेच नाही का?

हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. तो खरा आहे. पण तो ज्यावर पडतो ती वस्तू सुगंध नव्हे, सुगंध आणि दुर्गंध यांच्यात देवाने आखली आहे असे मानलेली रेघ आहे. ती रेघ टिकत नाही. मोगरा आणि चमेली यांच्या वासाला जी खोली असते ती देणाऱ्या घटकांत इंडोल आहे, आणि तोच इंडोल विष्ठेतही असतो. प्रमाण बदलले की नाव बदलते. इंडोल काढून घेतलेला मोगरा साबणासारखा सपाट वाटतो. म्हणजे ज्याला आपण नाक मुरडतो त्याच्यामुळेच फूल फूल आहे. शास्त्राच्या बाजूनेही पाहा. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान स्वतःला पृथ्वीतला पुण्य गंध म्हणवतात. त्यावर शंकराचार्यांनी केलेला खुलासा फार मोलाचा आहे: गंध पृथ्वीत स्वभावतःच पवित्र आहे, अपवित्रता येते ती संसारी जीवांच्या अविद्येच्या आणि अधर्माच्या अपेक्षेने, इतर भूतांच्या संसर्गामुळे. सोप्या मराठीत, दुर्गंध ही वस्तूची जात नव्हे. त्यात वास घेणाऱ्याचे अज्ञान मिसळलेले असते. ज्या परंपरेने हे लिहून ठेवले तिच्याच नावाने मासळीच्या वासावर घर नाकारले जाते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. महाभारतातली मत्स्यगंधा पराशराच्या वराने योजनगंधा झाली आणि मग हस्तिनापूरची राणी. ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. पण ती बाई आधीही सत्यवतीच होती आणि नंतरही. वास बदलल्यावरच तिची योग्यता दिसली, हा त्या बघणाऱ्यांवरचा ठपका आहे.

शिवाय भिंत म्हणून वापरायला सुगंध हे मुळात कच्चे साधन आहे. भिंत अडवते, वास अडत नाही. मॉलच्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाचे महागडे अत्तर फुटपाथवरच्या वडापाववाल्यालाही येते, आणि तळणाचा वास त्या माणसाच्या कोटाला चिकटतो. वेगळेपणा विकणारा व्यापार ज्या द्रव्याच्या जोरावर उभा आहे, त्या द्रव्याचा स्वभावच पसरण्याचा आहे.

दुसरा आक्षेप साधा आहे: माणसे अत्तर लावतात ती आनंदासाठी, त्याला एवढे तत्त्वज्ञान कशाला? इथे मी आक्षेपकाशी भांडणार नाही. आपल्या गंधशास्त्राने आनंद लपवला नव्हता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास किती मेळ होतील याचा हिशेब करून 1820 ही संख्या दिली आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लासात राजाच्या विलेपनाचा आणि धूपाचा उपभोग म्हणूनच विचार केला. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे, पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे यांनी ज्या जुन्या गंधग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्यांत ‘गंधवाद’ नावाचा एक ग्रंथ आहे आणि त्यावरची टीका मराठीत आहे. गंगाधराच्या ‘गंधसारा’सह तो 1989 साली बडोद्याहून छापून निघाला. अत्तरे कशी बनवावी हे मराठीत समजावून सांगण्याची गरज कुणाला तरी वाटली होती, हे विसरण्याजोगे नाही. गंधसाराने तर आरंभीच आपल्या विद्येचे उपयोग सांगताना देवपूजा आणि राजांचे रंजन एका ओळीत बसवले आहेत. तेव्हा काम हा पुरुषार्थ आहे, हे मान्यच. माझे म्हणणे एवढेच, की अत्तराचा आनंद टिकतो तो त्याचा पाठलाग न करणाऱ्याला. हे नीतीचे वचन नाही, वर सांगितलेला नाकाचा व्यवहार आहे.

तिसरा आक्षेप आजचा आणि व्यवहारी. खरे चंदन आता किती जणांना परवडते? आणि प्रयोगशाळेत बनवलेला चंदनाचा वास देवाला चालेल का? चंदनाचे झाड नैसर्गिक अधिवासात धोक्यात आले आहे, जागतिक यादीत त्याची नोंद असुरक्षित म्हणून आहे. गाभा सुवासिक व्हायला वर्षानुवर्षे लागतात, आणि तेलासाठी मुळांसकट झाड उपटावे लागते. कनौजच्या भपक्यातही कित्येक ठिकाणी चंदन तेलाची जागा पॅरॅफिनने घेतली. इथे मला पूजाविधीतलीच एक मोकळी सोय आठवते: ज्या उपचाराचे साहित्य हाताशी नसेल, त्याच्या नावाने भटजी अक्षता वाहायला सांगतात. वस्त्र नाही, अक्षता. अलंकार नाहीत, अक्षता. आणि मानसपूजेत तर चंदन, फुले, दिवा सगळेच मनातले. ज्या परंपरेला तांदळाचे चार दाणे दागिन्यांच्या जागी चालतात, तिला कृत्रिम चंदनाचे वावडे असू शकत नाही. मुंबईत मंगलदास रोडवर कचेरी असलेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीसारख्या मराठी नावाच्या उद्योगाने 1922 पासून सुगंधी द्रव्यांचे काम केले. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात ही विद्या शिकवलीही जाते. रेणू जोडून वास घडवणे हेही गंधयुक्तीचेच काम आहे. अट एकच. अक्षता वाहताना त्यांना कोणी सोने म्हणत नाही. तसे कृत्रिम चंदनाला झाडाचे चंदन म्हणून विकू नये. देवाची फसवणूक होणार नाही, पण सहाणेवर खोड उगाळणाऱ्या माणसाची होते.

चंदनाविषयी बोलताना आपण ‘चंदनासारखे झिजावे’ असेही सहज म्हणतो, आणि ते बहुधा आईला, शिक्षकाला, कामगाराला उद्देशून असते. या उपमेपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. चंदन स्वतःहून झिजत नाही. त्याला दुसरा कोणीतरी उगाळतो. आणि ते झाड एकट्याच्या बळावर वाढलेलेही नसते. चंदन अर्धपरोपजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना पकडून त्यांचे पाणी आणि पोषण घेतात. आजूबाजूच्या झाडाझुडपांवाचून चंदन नीट वाढतच नाही. ज्या सुगंधाला आपण त्यागाचे प्रतीक केले तो अनेक अनाम झाडांकडून उसना घेतलेला असतो. हे कळल्यावर चंदनाचे मोल कमी होत नाही. पण कुणा एकाला झिजायला सांगून बाकीच्यांनी गंध लावून मिरवायचे, हा अर्थ मात्र त्या उपमेतून काढून टाकावा लागतो.

धम्मपदाने म्हटले आहे की चंदन, तगर किंवा मल्लिका यांचा वास वाऱ्याच्या उलट जात नाही, शीलाचा जातो. यावरून कोणी म्हणेल, मग अत्तर हवेच कशाला, शील पुरे. पण बुद्धाला शीलाची थोरवी सांगायला दाखला घ्यावासा वाटला तो फुलांचा आणि चंदनाचाच. ज्याला मोगऱ्याचा वास कसा पसरतो ते ठाऊक नाही, त्याला ते वचन कळणार नाही. सुगंध सोडायला सांगणाऱ्यांनाही सुगंध ओळखीचा असावा लागतो.

म्हणून निर्णय असा: देवघरातले गंध आणि दुकानातले अत्तर यांच्यात वस्तूचा भेद नाही, आणि साधकाला केलेली मनाई व देवाला केलेले अर्पण यांच्यात विरोध नाही. दोन्ही एकाच समजुतीतून आली आहेत, की सुगंध ठेवून घेता येत नाही. अत्तर जरूर लावावे. कुपी घेताना कागदाच्या पट्टीवरच्या पहिल्या झुळकेवर जाऊ नये; मनगटावर लावून चार तास थांबावे, म्हणजे फूल सरल्यावर खाली काय आहे ते कळेल. शेजारच्या दारातून येणाऱ्या बोंबलाच्या वासावर नाक मुरडण्याआधी आपल्या मोगऱ्यात इंडोल आहे हे आठवावे. आणि सकाळी लावलेले अत्तर दादरला उतरेपर्यंत येईनासे झाले, तर दुसऱ्यांदा लावू नये. डब्यातल्या शेजाऱ्याला ते अजून येत असते.